शांतता शिकायला जाताना एक भांडण सोबत न्या

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गला, ईस्टर्न मेनोनाइट विद्यापीठात संघर्ष-परिवर्तन (भांडण नुसतं मिटवण्याऐवजी त्यामागची नाती बदलणं) शिकायला निघाला असाल, तर बॅग भरण्याआधी ओळखीचं एक भांडण निवडा. कोण, कशावरून, कधीपासून, मध्ये कोण पडलं, हे दोन पानांत लिहून काढा. मी आमच्या गावचा बांधाचा वाद नेला होता. दोन चुलत भाऊ, हातभर जमीन. तंटामुक्ती समितीपुढे दोघांनी तडजोडीवर सह्या केल्या आणि पुढच्या पेरणीला पुन्हा जुंपली.

तिथला अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांतले जॉन पॉल लेडराक सांगतात, बाहेरून तयार उपाय आणू नका. लोकांना स्वतःच्या भांडणाबद्दल जे ठाऊक असतं, तिथून सुरुवात करा. म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका.

मेनोनाइट हा एक ख्रिस्ती पंथ; त्यांचा इतिहास थोडा वाचून जा. शस्त्र न उचलणं हा या पंथाच्या श्रद्धेचाच भाग आहे, 16व्या शतकापासून. वर्गात मात्र सगळ्या धर्मांचे लोक भेटतात. लायबेरियातलं युद्ध थांबवण्यासाठी बायकांना एकत्र आणणाऱ्या, 2011 च्या नोबेल मानकरी लेमा बोवी इथेच शिकल्या.

बायबलमधलं 85 वं स्तोत्र आधीच वाचून ठेवा. त्यात दया, सत्य, न्याय आणि शांती एकमेकांना भेटतात. लेडराक यांनी निकाराग्वातल्या कामातून या ओळीचा खेळ केला: चौघांनी चार भूमिका घ्यायच्या आणि भांडणाबद्दल आपापली बाजू मांडायची. मी आमचा बांध त्यात घातला, तेव्हा कळलं की गावात आम्ही सगळे शांतीच्याच खुर्चीत बसलो होतो. ‘झालं गेलं विसरा’ एवढंच म्हणत होतो. धाकट्याला जमिनीपेक्षा सत्य हवं होतं: हद्दीचा दगड रात्रीतून हलवला, हे कुणीतरी कबूल करायला हवं होतं.

शिक्षेपेक्षा झालेली इजा भरून काढण्यावर भर देणाऱ्या न्यायविचाराचे अभ्यासक हॉवर्ड झेर यांचे प्रश्नही याच कामाचे. कोणाला इजा झाली, त्यांची गरज काय, ती भागवण्याची जबाबदारी कोणाची? वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

रोल-प्लेमध्ये ज्याचा राग येतो त्याचीच भूमिका मागून घ्या. मी थोरला झाले. दगड हलवल्याची कबुली इंग्रजीत तोंडातून निघेना, शेवटी मराठीतच दिली. समोर धाकटा झालेली केनियाची मुलगी मराठीचा शब्द न कळताही उठून माझ्याजवळ येऊन बसली.