विसण घालण्याआधी: बाळाच्या आणि मोठ्यांच्या निवांत अंघोळीची तयारी

बाळाच्या अंघोळीची मांडामांड पलंगापासून सुरू करावी, बाथरूमची पाळी नंतर. बाळ पाण्यात असताना बहुतेक वेळा शांत असतं. बाहेर काढल्यावर ओल्या अंगाला वारा लागला की टाहो फोडतं. म्हणून अंग पुसायची जागा आधी तयार हवी. पलंगावर सगळ्यात खाली दुपटं पसरावं, त्यावर बंद सोडलेलं झबलं, त्यावर लंगोट आणि सगळ्यात वर मऊ सुती पंचा. वरची वस्तू आधी लागते, तेव्हा थरही त्याच क्रमाने. पंचा नवा असेल तर दोनतीनदा धुऊन घ्यावा. कोऱ्या कापडातली खळ पाणी टिपू देत नाही. पंखा आणि एसी दहा मिनिटं आधी बंद करावा. खोली २४ ते २७ अंशांच्या आसपास असली की पुरे. मे महिन्यात मुंबईत त्यासाठी काहीच करावं लागत नाही, डिसेंबरात नाशिककडे मात्र खिडक्या लावून घ्याव्या लागतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि धुरीचा धूर बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही. आजीला हे पटवणं अवघड जातं, पण तिला हवी असलेली ऊब जाडसर दुपट्यानेही मिळते.

वेळ दूध पाजल्यानंतर अर्ध्यापाऊण तासाची धरावी. लगेच घातली तर दूध उलटतं, फार उशीर केला तर भुकेचं रडं सुरू होतं. जन्मानंतरचे पहिले २४ तास अंघोळ घालत नाहीत. नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने अंग पुसलं तरी भागतं. नाळ कोरडी राहू द्यावी, तिला तेल-हळद काही लावू नये. वजन अडीच किलोच्या आत असेल तर अंघोळ कधी सुरू करायची हे डॉक्टरांना विचारावं.

तेल अंघोळीच्या वीसेक मिनिटं आधी. खोबरेल तेल बहुतेकांना मानवतं. मोहरीच्या तेलाने नाजूक कातडीची आग होऊ शकते आणि ऑलिव्ह तेल महाग असलं तरी कोरड्या कातडीला फारसं हिताचं नाही. छोट्या वाटीत दोन चमचे काढून घ्यावं. बाटलीच शेजारी ठेवली की तेलकट हातातून ती निसटते. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करावं, गॅसवर नको. सर्दीसाठी घरात कापूर घातलेलं तेल असतं, ते बाळापासून लांब ठेवावं. कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात. नाकात आणि कानात तेलाचा थेंब घालायचा नाही, नाकातलं तेल थेट फुप्फुसात उतरू शकतं. टाळूवर तेल चोपडायला हरकत नाही, दाबायचं मात्र नाही. डाळीचं पीठ आणि साय लावून लव काढण्याच्या नादात कातडी सोलवटते. लव काही महिन्यांत आपोआप झडते.

आता पाणी. ‘विसण’ म्हणजे कढत पाणी बेताचं करण्यासाठी त्यात घालायचं गार पाणी. घंगाळाच्या काळापासून क्रम तोच, आधी कढत आणि मग विसण. घरात लहान मूल असेल तर हा क्रम उलटा करावा: बादलीत आधी गार पाणी, मग त्यात गरम. मध्येच कोणी हाक मारली आणि रांगतं पोर बादलीशी गेलं, तरी पोळत नाही. बाळाला ३७ ते ३८ अंशांचं पाणी लागतं. नळाचं पाणी २५ अंशांचं असेल तर दहा लिटरच्या बादलीत सव्वाआठ लिटर गार आणि पावणेदोन लिटर उकळतं पाणी पुरतं. थंडीत नळाचं पाणी १८ अंशांवर आलं की उकळतं पाणी जवळजवळ अडीच लिटर घ्यावं लागतं. गिझरमधून ५५ अंशांचं पाणी येत असेल तर २५ अंशांच्या पाण्यात ते चार-सव्वाचार लिटर घालायचं. मग हाताने तळापासून ढवळायचं, कारण ऊन पाणी वर तरंगतं आणि नुसता वरवर हात लावला तर अंदाज चुकतो. कोपर बुडवून पाहावं. तळहाताला चटक्यांची सवय झालेली असते. थोडे पैसे गेले तरी चालतील, पण पाण्यातला साधा थर्मामीटर आणावा. रॉडने पाणी तापवत असाल तर प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावायचं नाही. बाळाला चालू नळाखाली किंवा शॉवरखाली धरू नये, घरात दुसरीकडे कोणी नळ सोडला की पाणी एकदम कढत होतं.

पाटाजवळ हाताच्या अंतरावर पाणी घालायचा तांब्या, शेवटच्या धुण्यासाठी स्वच्छ कोमट पाण्याचा वेगळा तांब्या, तोंडासाठी एक आणि बाकी अंगासाठी एक मऊ फडकं, आणि बिनवासाचा सौम्य साबण. साबण रोज सगळ्या अंगाला लागत नाही. मान, काखा, जांघा आणि ढुंगण एवढं पुरतं. बोअरचं जड पाणी असेल तर साबण आणखी कमी, कारण त्याचा चिकट थर कातडीवर बसून खाज येते. टबमध्ये घालायचं तर पाणी पाच ते आठ सेंटिमीटर खोल आणि एक हात सतत मानेखाली. पायावर घेऊन घालायची असेल तर पाट घट्ट बसलाय का पाहावं आणि पाणी खांद्यापासून पायांकडे ओतावं. डोळे आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसायचे, कानात बड्स नाही. पाच ते दहा मिनिटांत आटोपायचं. बेल वाजली, फोन आला, तर बाळ पंच्यात गुंडाळून बरोबर न्यायचं. एक मिनिटसुद्धा एकटं ठेवायचं नाही. थोड्याशा पाण्यातही मूल आवाज न करता बुडतं. बाहेर काढल्यावर अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि मानेच्या, मांडीच्या वळ्या कोरड्या करायच्या. पावडर नकोच, तिची धूळ श्वासात जाते.

मोठ्यांची तयारी सोपी. झोप लागावी म्हणून अंघोळ करायची तर झोपण्याच्या दीड तास आधी, ४० अंशांच्या जरा वर, दहा-पंधरा मिनिटं. हातापायांत रक्त उतरतं, शरीराची आतली उष्णता बाहेर पडते आणि थोड्या वेळाने झापड येते. अंथरुणावर जाता जाता केली तर अंग तापलेलंच राहतं. ५५ अंशांचं आणि २५ अंशांचं पाणी निम्मं निम्मं घेतलं की ४० अंश होतात, हिशोब ठेवायला बरं. टब नसेल तर पाय बुडवायला आठ-दहा लिटरचं घमेलं आणि अर्धी वाटी एप्सम सॉल्ट, मेडिकलमध्ये मिळतं. आराम मिळतो तो मुख्यतः उबेचा, मीठ नसलं तरी अडत नाही. लॅव्हेंडरसारखं तेल थेट पाण्यात टाकलं तर तवंग होऊन एका जागी कातडीला झोंबतं; तीन-चार थेंब चमचाभर खोबरेलात मिसळून घ्यावेत. खाज असेल तर ओट्स मिक्सरमध्ये अगदी बारीक करावेत, एक चमचा पूड पेलाभर पाण्यात घालून पाणी दुधाळ झालं तर ती जमली. मलमलच्या पुरचुंडीत बांधून बादलीत पिळावी, मात्र फरशी निसरडी होते, पायपुसणं आधीच टाकून ठेवावं. उटणं मोठ्यांसाठीच.

मधुमेह असणाऱ्यांनी पायाला पाणी लावण्याआधी दुसऱ्याला तापमान पाहायला सांगावं, पायाला चटका कळेलच असं नाही. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर स्टुलावरून सावकाश उठावं, दाराला कडी लावू नये. गरोदर बाईने कढत पाण्यात बसू नये. टाके असलेल्या बाळंतिणीने पाणी अंगावर घ्यावं, टाके बुडवू नयेत. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर खिडकी उघडी, आणि शक्यतो पाणी भरून गिझर बंद केल्यावरच आत जावं. गॅसने माणूस बाथरूममध्येच कोसळतो आणि आतून कडी असते. अंग ओलसर असताना, तीन मिनिटांच्या आत, खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावावं.

शेवटी बादली आणि टब रिकामा करून उपडा घालायचा आणि मगच बाळाला कपडे घालणाऱ्याच्या हातातून परत घ्यायचं.