वीस मिनिटांची चार गाणी आणि चार कव्हरं : प्रोग रॉकची तुलना करायची कशी

प्रोग रॉक म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत. त्याचे दोन चाहते भेटले की पिंक फ्लॉइड आणि येस या बँडांवरून ‘फ्लॉइड भारी की येस’ हा वाद ठरलेला. तो कुठेच पोचत नाही हेही ठरलेलं, कारण एकजण फ्लॉइडच्या ‘मनी’बद्दल बोलत असतो आणि दुसरा येसच्या ‘क्लोज टू द एज’बद्दल. सहा-साडेसहा मिनिटांचं गाणं आणि रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारी रचना एका मापाने मोजता येत नाही. कव्हरांचंही तसंच. मोबाइलवर नखाएवढं चित्र पाहून ‘हे कव्हर काही खास नाही’ म्हणणाऱ्याने ते कव्हर पाहिलेलंच नसतं.

म्हणून सारख्याला सारखं ठेवा. पहिल्या बैठकीसाठी ही चार गाणी सोयीची :

‘एकोज’ – पिंक फ्लॉइड, ‘मेडल’, १९७१, साधारण साडेतेवीस मिनिटं
‘टार्कस’ – इमर्सन, लेक अँड पामर, त्याच नावाचा अल्बम, १९७१, साडेवीसच्या वर
‘क्लोज टू द एज’ – येस, त्याच नावाचा अल्बम, १९७२, पावणेएकोणीस
‘सपर्स रेडी’ – जेनेसिस, ‘फॉक्सट्रॉट’, १९७२, तेवीस

चारही इंग्लिश बँड, जेमतेम दोन वर्षांतलं काम, आणि चारही रचना एल.पी.च्या (मोठ्या रेकॉर्डच्या) एका बाजूला मावतील अशा बेतलेल्या. (‘सपर्स रेडी’च्या आधी त्याच बाजूला ‘होरायझन्स’ हा गिटारचा छोटा तुकडा आहे, बाकीच्या तिघांनी पूर्ण बाजू घेतली आहे.) बाजूवर याहून फार जास्त वेळ भरला तर खाचा जवळजवळ येतात आणि आवाजाची पातळी खाली आणावी लागते. या लांबीमागे असं तांत्रिक कारणही आहे. शिवाय चार कव्हरं चार वेगळ्या हातांची आहेत, त्याबद्दल पुढे.

माणसं पाच बोलवा. विषम संख्येत मत देताना बरोबरी होत नाही. गाण्यांना एकूण ८६ मिनिटं, मध्ये तीनदा दहा-दहा मिनिटांची सुट्टी आणि कव्हरांना पाऊण तास धरला, तर पावणेतीन तास लागतात. चारच्या ऐवजी सहा गाणी घ्यायचा मोह आवरा. पाचव्या गाण्यापर्यंत कान थकलेले असतात आणि त्या बिचाऱ्या गाण्याला विनाकारण कमी मतं पडतात.

आधी करायची तयारी

प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन शफल आणि क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणं) दोन्ही बंद करा. क्रॉसफेड चालू राहिला तर ‘एकोज’चा वर चढत विरत जाणारा शेवट पुढच्या गाण्यात बुडतो, आणि ‘क्लोज टू द एज’च्या सुरुवातीचे पक्षी आणि पाण्याचा आवाज ऐकूच येत नाहीत. फुकट खात्यावर मध्येच जाहिरात येते. विसाव्या मिनिटाला ती आली तर सगळी मेहनत पाण्यात.

नंतर कोणती प्रत वाजवणार ते ठरवा. रिमास्टर म्हणजे मूळ मिक्स तोच, फक्त आवाजाची पातळी आणि जाड-बारीकपणा नव्याने नीट केलेला. रिमिक्स म्हणजे मूळ मल्टिट्रॅक टेपवर (जिच्यावर वाद्यं वेगवेगळी मुद्रित असतात) परत जाऊन प्रत्येक वाद्याची जागा नव्याने ठरवलेली. ‘टार्कस’चा स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने २०१२ मध्ये रिमिक्स केला, ‘क्लोज टू द एज’चा २०१३ मध्ये. जेनेसिसच्या त्या काळातल्या अल्बमांचे रिमिक्स २००८च्या संचात आले. एकाचा नवा रिमिक्स आणि दुसऱ्याची सत्तरच्या दशकातली मूळ प्रत अशी जोडी लावली, तर लोक रचनेला मत देतोय असं समजून मिक्सिंगला मत देतात. चारही जुन्या मिक्सच्याच घ्या. रिमिक्सवर भांडायला वेगळी संध्याकाळ ठेवा, तोही छान विषय आहे.

आवाजाची पातळी जुळवणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचंही. दोन गाण्यांत एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी मोठं वाजणारं गाणं ‘जास्त जिवंत’ वाटतं. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घ्या, बसायच्या जागी धरा आणि प्रत्येक गाण्याचा जोरकस भाग वाजवून ८० डेसिबलच्या आसपास आणा. त्या-त्या गाण्यापुढे व्हॉल्यूमचा आकडा लिहून ठेवा. हे कधीही गाण्याच्या सुरुवातीवरून करू नका. ‘एकोज’ एका थेंबासारख्या पियानोच्या सुराने सुरू होतं, ‘सपर्स रेडी’ बारा तारांच्या गिटारींवर हळुवार उघडतं. त्यावर व्हॉल्यूम लावला तर पुढे बँड उसळतो तेव्हा शेजारी दार वाजवतात. ‘एकोज’साठी आठव्या-नवव्या मिनिटाचा ठेका घ्या, ‘क्लोज टू द एज’साठी दीड मिनिटानंतरचा गोंधळ, ‘सपर्स रेडी’साठी विसावं मिनिट. ‘टार्कस’ला प्रश्न नाही, तिथे पहिल्या मिनिटातच धुमाकूळ आहे.

एकच ब्लूटूथ डबा वापरू नका. दोन वेगळे स्पीकर हवेत. येसच्या क्रिस स्क्वायरचा रिकनबॅकर कंपनीचा बास हा गिटारच्या बरोबरीने समोर येऊन वाजतो. छोट्या डब्यात त्याचा वरचा खणखणाट तेवढा राहतो, खालचं वजन जातं, आणि मग ‘येस फारच किणकिणतात’ अशी तक्रार येते.

ऐकताना काय टिपायचं

दहापैकी गुण देऊ नका. प्रत्येकाच्या हातात कागद द्या आणि तीनच रकाने आखा : मिनिट-सेकंद, काय झालं, परत ऐकायचंय का. वाजताना कोणी बोलायचं नाही, ‘आता बघ, आता बघ’ तर अजिबातच नाही.

नवख्या माणसाला एक सोपा धागा द्यायचा असेल तर कीबोर्डचा द्या. चारही गाण्यांत तो मध्यवर्ती आहे आणि प्रत्येकाकडे वेगळा. कीथ इमर्सन हॅमंड ऑर्गन आणि मूग सिंथेसायझरवर तुटून पडतो, ‘टार्कस’मध्ये मेलोट्रॉन (टेपवर चालणारा कीबोर्ड) शोधू नका. पिंक फ्लॉइडच्या रिक राइटचा ‘एकोज’च्या सुरुवातीचा ‘पिंग’ म्हणजे फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला पियानो. रिक वेकमन ‘क्लोज टू द एज’मध्ये बाराव्या मिनिटाच्या आसपास जो प्रचंड ऑर्गन वाजवतो, तो लंडनच्या सेंट जाइल्स चर्चमधला खरा पाइप ऑर्गन आहे, आणि त्यावर पुढे मूग येऊन आदळतो. जेनेसिसच्या टोनी बँक्सकडे हॅमंड आणि मेलोट्रॉन. मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीमागे टेपचा तुकडा असतो आणि तो साधारण आठ सेकंदांत संपतो. म्हणून त्यावरचा सूर कितीही लांबवायचा म्हटला तरी बोट उचलून परत ठेवावं लागतं. हे एकदा कळलं की मेलोट्रॉनचे व्हायोलिन आणि खरी व्हायोलिनं यांतला फरक आपोआप ऐकू येतो.

दुसरा धागा तालाचा, आणि इथे तबला ऐकलेल्या माणसाला फायदा आहे. ‘टार्कस’चा पहिला भाग ‘इरप्शन’ पाचाच्या हिशेबात पळतो. ‘सपर्स रेडी’त साडेपंधरा मिनिटांनंतर ‘अपोकॅलिप्स इन ९/८’ हा सहावा भाग सुरू होतो, तिथे थांबून मोजायला शिका. ड्रम, बास आणि गिटार नऊ मात्रांचं एक चक्र धरून बसतात, आणि त्याचे खंड तीन-दोन-चार असे पडतात. मांडीवर हळू मोजा : एक दोन तीन, एक दोन, एक दोन तीन चार. प्रत्येक ‘एक’वर टाळी. दोन-तीन आवर्तनांत हात बसतो. मग लक्ष ऑर्गनकडे वळवा आणि टाळी चालूच ठेवा. बँक्स त्या चक्राला बांधून घेत नाही, त्याची वाक्यं स्वतःच्या लांबीची आहेत, आणि तुमची टाळी सुटते ती नेमकी इथेच. सुटली तर ऑर्गनच्या मागे जाऊ नका, बासकडे परत या. त्याचं आवर्तन कायम आहे. नऊ म्हणजे तीन-तीन-तीन असं गृहीत धरून मोजणारे पहिल्याच आवर्तनात घसरतात आणि ‘हे बेताल आहे’ म्हणून सोडून देतात.

‘एकोज’मध्ये मोजायला फारसं काही नाही. तिथे अकराव्या मिनिटापासून काय होतं ते टिपा. ठेका विरतो आणि व्हेल माशासारख्या किंकाळ्या येतात. डेव्हिड गिलमोरने वा-वा पेडल (गिटारचा सूर पायाने वळवायचं यंत्र) उलटं जोडून गिटारमधून काढलेला आवाज आहे तो. काहींना हा भाग लांबलेला वाटतो, काहींना हाच गाण्याचा जीव वाटतो, आणि आमच्या मते दुसरा पक्ष बरोबर आहे : हा अंधार नसता तर पंधराव्या मिनिटानंतर परत येणाऱ्या ‘पिंग’ला किंमत राहिली नसती.

चारही ऐकून झाल्यावर जोड्या लावा. चार गाण्यांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीला प्रत्येकाने आधी चिठ्ठीवर नाव लिहायचं, मग बोलायचं. आधी बोललं की सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. जास्तीत जास्त जोड्या जिंकणारं गाणं पहिलं. कधीकधी ‘एकोज’ ‘टार्कस’ला हरवतं, ‘टार्कस’ येसला, आणि येस ‘एकोज’ला, असं वर्तुळ होतं. ते जबरदस्तीने सरळ करू नका, तसंच लिहून ठेवा.

कव्हरं : आकार आधी

एल.पी.चं कव्हर साधारण ३१ सेंटिमीटर चौरस असतं, सी.डी.चं पुस्तक १२. क्षेत्रफळाने जवळजवळ सातपट फरक. ही चारही कव्हरं गेटफोल्ड आहेत, म्हणजे पुस्तकासारखी उघडणारी, उघडल्यावर ६२-६३ सेंटिमीटर रुंद. रेकॉर्ड हाताशी नसेल तर ३२ इंची टीव्ही पुरतो, त्याचा पडदा ७० सेंटिमीटर रुंद असतो. चित्र लावा, पट्टी घेऊन मोजा, ३१ सेंटिमीटर उंची येईपर्यंत झूम करा. छापून घ्यायचं तर ए-३ कागदाची एक बाजू २९.७ सेंटिमीटर भरते, त्यामुळे थोडं लहान करून दोन कागद शेजारी चिकटवावे लागतात. मुंबईत चोर बाजारात जुनी रेकॉर्ड धुंडाळणार असाल तर कव्हराच्या शिवणी आणि दमटपणाचे डाग आधी बघा.

गाणी ऐकून होईपर्यंत कव्हरं झाकलेली ठेवा. ‘टार्कस’ हे त्याचं उत्तम कारण. विल्यम नीलच्या चित्रात रणगाड्याचे पट्टे लावलेला आर्माडिलो आहे, आणि आतल्या पानांवर त्याची ज्वालामुखीजवळच्या जन्मापासूनची लढाई चित्रमालिकेसारखी काढलेली आहे. ते एकदा पाहिलं की पुढे प्रत्येक वाद्यखंडात लढाईच ऐकू येते. म्हणून आधी न बघता ऐका, मग कव्हर उघडून पहिली पावणेतीन मिनिटं पुन्हा वाजवा. दुसऱ्यांदा काय बदललं ते लिहा. काहींना चित्राने गाणं लहान केलं असं वाटतं, ते मतही नोंदवा.

‘क्लोज टू द एज’चं बाहेरचं कव्हर म्हणजे हिरवी छटा आणि चित्रकार रॉजर डीनने काढलेलं येसचं वळणदार नाव. ते नाव पहिल्यांदा आलं ते याच अल्बमवर. स्ट्रीमिंगवर एवढंच दिसतं. खरं चित्र आत आहे : कडांवरून पाणी खाली कोसळतंय असा धुक्यातला उंच जलप्रदेश. आतलं न पाहता मत द्यायला बंदी.

‘फॉक्सट्रॉट’ पॉल व्हाइटहेडचं आहे. लाल पोशाखातली कोल्ह्याच्या डोक्याची बाई बर्फाच्या तुकड्यावर उभी. मागची बाजूही उघडून धरा, आधीच्या ‘नर्सरी क्राइम’च्या कव्हरावरचं क्रोकेचं (लाकडी हातोड्याने चेंडू मारायच्या खेळाचं) मैदान दूरवर सापडतं. सप्टेंबर १९७२ मध्ये डब्लिनच्या कार्यक्रमात जेनेसिसचा गायक पीटर गॅब्रिएल लाल झगा आणि कोल्ह्याचं डोकं घालून रंगमंचावर आला. कव्हरावरची बाईच जणू जिवंत झाली होती.

‘मेडल’ हिप्नोसिस या डिझाइन संस्थेचं, म्हणजे छायाचित्रातून घडवलेलं. पाण्याखालचा कान आणि त्यावरचे तरंग. बंद कव्हरावर ते बहुतेकांना कळत नाही. उघडा, मग फिरवून बघा.

प्रत्येक कव्हराला तीन प्रश्न विचारा : तीन मीटरवरून दिसतं काय, हातात घेतल्यावर नवं काय सापडतं, आणि गाण्याशी जुळतं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेगळं ठेवा. देखणं कव्हर गाण्याशी फटकून असू शकतं. दोन देशांतली कव्हरं वेगळी असतील तर कुठलं ते आधी ठरवा. जेंटल जायंट या बँडच्या ‘ऑक्टोपस’चं इंग्लंडमधलं कव्हर डीनचं, अमेरिकेतलं पूर्णपणे वेगळं, आणि दोघं दोन कव्हरांवर तासभर भांडू शकतात.

येसचा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ (१९७३) या बैठकीत आणू नका. दोन रेकॉर्ड, चार बाजू, चारच रचना, ८१ मिनिटं. त्याला दोन संध्याकाळी द्या, एकेक रेकॉर्ड. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून येसचा गायक जॉन अँडरसनला ही कल्पना सुचली. श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र अशी शास्त्रांची विभागणी तिथे होती आणि प्रत्येक बाजू एकेकावर बेतली. डीनच्या कव्हरावर मात्र चिचेन इत्साचं माया मंदिर, पेरूतल्या नाझ्काच्या मैदानावरच्या रेषा आणि इंग्लंडमधले नावाजलेले दगड आहेत. ‘जुळतं का’ या रकान्यात इथे काय भरायचं, यावर आपल्याकडच्या श्रोत्यांत चांगलीच खडाजंगी होते, त्यामुळे या कव्हरासाठी पाऊण तासाऐवजी दीड तास धरा.