गाणाऱ्यांनी पेटी (हार्मोनियम) शिकताना

गळा तयार असला की कान पुढे पळतो आणि बोटं मागे राहतात. मग थेट बंदिशीच वाजवाव्याशा वाटतात. तो मोह आवरा! आधी डावा हात, म्हणजे भाता. भाता धक्के देत मारला की सूर हिंदकळतो. म्हणून एकच षड्ज (सा) धरून, आवाज कमीजास्त न होऊ देता, भाता चालवत राहा. पलटे, म्हणजे सरावाचे स्वरसमूह, आपल्या गाण्याच्या पट्टीतच घ्या. अंगठा मात्र शक्यतो काळ्या स्वरपट्टीवर ठेवू नका. काळी एकमध्ये, म्हणजे पहिली काळी सा धरून, यमन राग घेतला तर गंधार, तीव्र मध्यम आणि निषाद पांढरीवर येतात. अंगठ्याची जागा तिथे. वाजवताना सरगम तोंडाने म्हणा. आणि हो, गळ्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, पेटीत शोधू नका, ती तिथे नाहीच.