कोपराचे हाड मोडल्यानंतरचे व्यायाम
प्लास्टर निघाल्यावर कोपर ताठ वाटणे स्वाभाविक आहे. अस्थिरोगतज्ज्ञांनी परवानगी दिल्यावर सांधा कोमट, ओल्या टॉवेलने शेकावा आणि मग दुसऱ्या कोणी न ओढता, स्वतःच्याच स्नायूंच्या जोरावर हात सावकाश वाकवावा व सरळ करावा. कोपर कमरेशी टेकवून, ९० अंशांत ठेवून तळवा आळीपाळीने वर-खाली वळवावा. घरची मंडळी आपुलकीने सुचवतात ती जोरकस मालिश मात्र निक्षून टाळावी, कारण जबरदस्तीच्या ताणाने स्नायूंत हाड तयार होऊन सांधा आणखी आखडू शकतो. हाड जुळल्याचे एक्स-रेमध्ये दिसेपर्यंत वजन उचलू नये. रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांची हालचाल (० अंश म्हणजे पूर्ण सरळ हात) पुरते, त्यामुळे हात पूर्ण सरळ होत नाही म्हणून घाई करू नये. करंगळीला मुंग्या आल्यास डॉक्टरांना लगेच दाखवावे.