युरोप टूरमध्ये 'युरोप' कसा बघायचा

युरोप करून आलो म्हणणारे बरेच जण खरं तर आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि पिसाचा मनोरा बघून आलेले असतात, मीपण पहिल्या वेळी तसाच आलो, बसमध्ये बाकरवडी खात. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू सारख्या म्हणत होत्या, "बॉर्डर आली की उठव रे मला, पासपोर्ट वर काढून ठेवते." त्यांना उठवलं तेव्हा बॉर्डर मागे पडून अर्धा तास झाला होता. कागल सोडून निपाणीकडे लागलं की पाट्या कन्नड होतात ना, तेवढाच फरक. आणि ही तीच दोन राष्ट्रं, फ्रान्स आणि जर्मनी, ज्यांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तीनदा एकमेकांचा जीव घेतला, मग गेट गेलं कुठे? दुसऱ्या वेळी मी फक्त हेच शोधत फिरलो. तुम्हालाही तसं फिरायचं असेल तर कसं ते लिहितोय, वेगळा खर्च फार नाही.

सुरुवात खिशापासून करा. युरोची नोट काढा आणि मागचा पूल बघा. तो पूल कुठेच नाहीये! 5 च्या नोटेवर प्राचीन रोमन-ग्रीक धाटणी, 20 वर गॉथिक, 50 वर रेनेसाँ, पण खरी वास्तू एकही नाही, कारण खरी टाकली असती तर आमची का नाही म्हणून बाकीचे देश रुसले असते. (पुढे नेदरलँड्समधल्या स्पायकेनिसे नावाच्या गावानं नोटेवरचे पूल खरोखर बांधून टाकले, हौसेला मोल नाही.) नाण्यांचं उलटं आहे, एक बाजू सगळ्यांची सारखी आणि दुसरी ज्या त्या देशाची, म्हणजे ऑस्ट्रियाच्या 1 युरोवर मोझार्ट, ग्रीसच्या 2 युरोवर बैलावर बसलेली ग्रीक पुराणकथेतली युरोपा. सुट्टे पैसे आले की लगेच खर्चू नका, रात्री हॉटेलवर उलटेपालटे करून बघा. सगळ्यांचं एकत्र असं काही दाखवायचं झालं की हे लोक कोणाचंच नसलेलं निवडतात. युरोपियन युनियनच्या राष्ट्रगीताचंही तेच, बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीची धून घेतली पण अधिकृत शब्द नाहीत, कारण शब्द म्हटले की कुठली तरी एक भाषा आली.

मग स्ट्रासबुर्गला जा, पॅरिसहून ट्रेननं दोनेक तास. टूरवाले कॅथेड्रल दाखवून पुढे पळवतात, तुम्ही प्लास द ला रेपुब्लिक चौकात जाऊन बसा. तिथं 1936 चं युद्धस्मारक आहे. एक आई बसलीये आणि तिच्या मांडीशी दोन मुलं, दोघंही मरतायत, दोघांच्या अंगावर कपडे नाहीत. कपडे का नाहीत? कारण कपडे म्हटले की युनिफॉर्म आला, आणि युनिफॉर्म कुठला दाखवायचा? हा भाग 1871 ला जर्मनीत गेला, 1918 ला फ्रान्समध्ये आला, 1940 ला परत जर्मनी, 1944 ला परत फ्रान्स. पहिल्या महायुद्धात इथली बहुतेक पोरं जर्मन सैन्यातून लढली आणि काही पळून फ्रान्सकडून. फ्रान्समध्ये गावोगावच्या स्मारकांवर 'फ्रान्ससाठी मेले' असं कोरलेलं दिसतं, इथे फक्त 'आमच्या मृतांना'. कोणासाठी मेले ते लिहायची सोयच नाही. मी तिथं पाऊण तास बसलो, शेजारी एक आजोबा कबुतरांना पाव घालत होते, एकमेकांची भाषा येत नव्हती म्हणून नुसतं हसलो.

मग स्ट्रासबुर्गमधूनच डी लाइनची ट्राम पकडा, राइन नदी ओलांडून ती जर्मनीतल्या केलला जाते, 2017 पासून. हल्ली जर्मनीनं परत तपासणी सुरू केलीये म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा, म्हणजे काकू अगदीच चुकीच्या नव्हत्या. ज्या व्हिसासाठी आपण बँक स्टेटमेंट घेऊन रांगेत उभे राहतो त्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते शेंगेन लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं छोटं गाव आहे, 14 जून 1985 ला पाच देशांनी तिथं एका बोटीवर आपसातली बॉर्डरवरची तपासणी हळूहळू बंद करायच्या करारावर सह्या केल्या.

आता हे सगळं सुरू कुणी केलं, तर रॉबेर शुमान हे नाव पाठ करून जा. जन्म लक्झेंबर्गचा, नागरिकत्व आधी जर्मन, आणि शेवटी फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री. 9 मे 1950 ला त्यानं मांडलं की फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एकाच संस्थेच्या ताब्यात द्या, कारण तोफा पोलादातूनच होतात, कारखाना सामायिक असला की चोरून तयारी करता येत नाही. यातूनच पुढे युरोपियन युनियन उभी राहिली. माझं मत विचाराल तर हे प्रेमातून आलेलं नाही, भीतीतून आलंय, आणि म्हणूनच टिकलं. पटत नसेल तर पहिल्या महायुद्धातलं फ्रान्समधलं रणांगण व्हर्दँ, तिथली दूओमॉंची अस्थिशाळा बघा, ओळख न पटलेल्या किमान 1,30,000 फ्रेंच आणि जर्मन सैनिकांची हाडं एकत्र ठेवलीत, खालच्या छोट्या खिडक्यांतून दिसतात. लहान मुलं बरोबर असतील तर ते टाळा. 1984 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर कोल हातात हात घेऊन इथेच उभे राहिले होते.

पूर्वेकडे गेलात तर मात्र वरचा सगळा हिशोब बदलतो. एक सोपी ट्रिक सांगतो, गप्पा जमल्या की विचारा, तुमच्याकडे युद्ध कधी संपलं? फ्रेंच माणूस 8 मे 1945 सांगेल. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनियात उत्तर लांबेल, कारण 1940 ला सोव्हिएत फौजा, 1941 ला जर्मन आणि 1944 पासून परत सोव्हिएत, मग सुटका कसली? त्यांची मोठी तारीख 23 ऑगस्ट, 1939 साली याच दिवशी हिटलर आणि स्टालिनच्या सरकारांनी करार करून पूर्व युरोप आपसात वाटून घेतला, आणि बरोबर पन्नास वर्षांनी, 1989 ला, एस्टोनियातल्या टॅलिनपासून लिथुआनियातल्या व्हिल्नियसपर्यंत सहाशेहून जास्त किलोमीटर लोक स्वातंत्र्यासाठी हातात हात धरून रस्त्यावर उभे राहिले. 9 मेचं तर विचारूच नका, ब्रसेल्समध्ये तो युरोप दिन, मॉस्कोत विजय दिन, आणि 2023 पासून युक्रेननेही तो युरोप दिन केलाय. तारीख एकच, पण ती कशी पाळता यावरून तुम्ही कुणाचे ते कळतं. फक्त वाद घालू नका, ऐका, आपण पाहुणे.

ब्रसेल्सला वेळ असेल तर हाउस ऑफ युरोपियन हिस्टरी, तिकीट नाही, 24 भाषांत टॅब्लेट मिळतो (मराठी नाही, हाहा). पण त्याच शहराजवळ टेर्व्हुरेनचं आफ्रिका म्युझियमही बघा, कारण बेल्जियमच्या राजा लिओपोल्डनं आफ्रिकेतल्या काँगोत लोकांचे काय हाल केले तेही याच युरोपच्या घरातलं आहे, आणि ती आठवण घरात घ्यायला यांनी बराच उशीर केला.

आणि आपली नावं शोधायला विसरू नका. उत्तर फ्रान्समध्ये नव शापेलला 1927 चं स्मारक आहे, पहिल्या महायुद्धात गेलेल्या आणि ज्यांची कबरसुद्धा सापडली नाही अशा 4,700 हून जास्त भारतीय सैनिकांची नावं दगडात कोरलेली. यांच्या आठवणीत आपली माणसं बाहेरच्या ओसरीवर बसवलीत असं मला तरी वाटलं, पण बसवलीत. इटलीत पेरुजियाजवळच्या मोंटोने गावात 2023 ला नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक झालं, चालू सूर्यघड्याळाच्या रूपात. मराठा लाइट इन्फंट्रीचा 22 वर्षांचा पोरगा, 10 जुलै 1944, सेक्शनमधले जवळपास सगळे पडल्यावर एकटा मशीनगनवर धावला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्याच फटक्यांनी शेवटचे दोघं लोळवले आणि मग स्नायपरच्या गोळीनं गेला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंटोनेला जमलं नाही तर माणगावला तहसील कचेरीपाशी त्यांचा पुतळा आहे, कोकणात जाताना त्या ट्रॅफिकमध्ये तसेही तासभर अडकताच, उतरा आणि बघून या.