टेबलाचा फळा करताय? या चुका टाळा

मुलांना खडूने गिरगटायला जुन्या टेबलाचा फळा करणं स्वस्तात होतं. तो बिघडतो तेव्हा दोष बहुधा रंगाचा नसतो, रंगाखालच्या कामाचा असतो. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत मिळणाऱ्या किंवा सोसायटीत कुणी काढून टाकलेल्या टेबलावर सहसा सनमायका असतो. त्यावर ब्लॅकबोर्ड पेंट थेट मारला, तर पहिल्या दिवशी झकास दिसतो आणि मुलाने नखाने टोकरलं की पापुद्रा निघतो.

म्हणून आधी भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा काढा, टेबल पूर्ण वाळू द्या आणि १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. चमक गेली की थांबायचं, सनमायका झिजवायचा नाही. भुकटी ओलसर फडक्याने टिपा. मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर. भिंतीचा प्रायमर इथे कामाचा नाही; गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर दुकानात तसं सांगूनच मागा. पातळ हात देऊन रात्रभर ठेवा. मग एका कोपऱ्यात ब्लेडने फुलीसारख्या रेघा मारून त्यावर सेलोटेप दाबा आणि झटक्यात ओढा. टेपला प्रायमर चिकटून आला, तर घासण्यापासून पुन्हा सुरुवात. पुढे जाऊन काही उपयोग नाही.

कडा फुगलेलं पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) टेबल घेऊच नका, ते परत सपाट होत नाही. कडा नुसत्याच उघड्या असतील तर त्या आधी प्रायमरने बंद करा, नाहीतर फळा पुसतानाचं पाणी तिथूनच आत शिरतं.

रंग शक्यतो पाण्यात मिसळणारा घ्या. तेलावरच्या रंगाचा वास मुंबईच्या छोट्या घरात कित्येक दिवस जात नाही. रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे, डब्यावर तसा उल्लेख पाहूनच घ्या. माळ्यावर पडलेला जुना डबा मुलांच्या टेबलाला नकोच. दोन बाय तीन फुटांच्या टेबलाला तीन हात द्यायला पाव लिटर भरपूर.

सगळ्यात दुर्लक्षित चूक म्हणजे डबा नीट न ढवळणं. खडूला धरून ठेवणारी खरखरीत पूड तळाशी बसते. वरचाच रंग वापरला तर फळा चकचकीत होतो आणि खडू नुसता घसरतो. काठी तळाला टेकवून चांगलं ढवळा, मध्ये मध्येही ढवळत राहा. ब्रशने रेघा उमटतात, त्यामुळे चार इंची फोमचा रोलर घ्या. पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा, सगळे पातळ. जाड हात वरून सुकतो, आतून मऊ राहतो.

जून ते सप्टेंबर शक्यतो हे काम काढू नका. काढलंच, तर दोन हातांमधला डब्यावरचा वेळ दुप्पट धरा. पंखा थेट टेबलावर सोडू नका, धूळ चिकटते.

रंगात पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) कालवायची घरगुती कृतीही टाळा. तो थर मऊ असतो, ओलं फडकं लागलं की काळं पाणी सुटतं.

शेवटचा हात दिल्यावर किमान तीन दिवस थांबा. मग खडू आडवा धरून पूर्ण टेबल पांढरं करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. हे टाळलं की पहिल्याच चित्राची सावली कायमची बसते. बसलीच असेल तर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, पुन्हा खडू फासा. तरी गेली नाही तर ३२० नंबरने हलकं घासून एक हात द्या. रंगात गोल खळगे पडले असतील तर खाली फर्निचर पॉलिशचं मेण राहिलंय. तेवढा भाग घासून थिनरने पुसा (खिडक्या उघड्या, मुलं बाहेर), मग प्रायमर आणि रंग.

मेणाचे खडू मात्र या टेबलापासून लांब ठेवा; त्यांचे डाग पुसून जात नाहीत आणि त्यावर साधा खडू उमटत नाही.