रंग उजेडात बघा, माप स्वतःचं द्या

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात दिव्याखाली अंजिरी वाटलेली साडी घरी अंगणात उलगडली की विटकरी निघते. साडी तीच असते, उजेड बदललेला असतो. पिवळट दिव्यात लाल-केशरी छटा उठून दिसतात आणि निळ्या-जांभळ्या मरगळतात. पांढऱ्याफेक दिव्यात याच्या उलट होतं. म्हणून कापड फाडायला सांगण्याआधी ते दुकानाच्या दारापर्यंत न्या आणि सावलीत उभं राहून बघा. भर उन्हात बघू नका. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात फिके रंग पार उडालेले दिसतात आणि चांगलं कापडही नापसंत होतं.

आपल्याला कोणते रंग खुलतात हे एकदा घरीच नीट बघून ठेवावं. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीसमोर बसा, केस मागे बांधा, पावडर-काजळ काही नको. आधी नीळ दिल्यासारखा पांढराशुभ्र कपडा हनुवटीखाली धरा, मग मोतिया रंगाचा. कपड्याकडे बघू नका, चेहऱ्याकडे बघा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि ओठांच्या कडेच्या रेषा कशाने गडद होतात आणि कशाने पुसट होतात? मोतिया बरा वाटला तर हळदी, शेंदरी, शेवाळी, विटकरी हे रंग बहुधा तुमचे. पांढराशुभ्र बरा वाटला तर राणी, जांभळा, चिंतामणी, गर्द निळा. मोरपंखी आणि डाळिंबी बहुतेक सगळ्यांनाच शोभतात. अडलंच तर या दोघांतला एक घ्यावा.

सावळ्या वर्णाला गडद किंवा भडक रंग चालत नाहीत, हे ऐकून कितीतरी मुली वर्षानुवर्षं मळकट बदामी नाहीतर राखाडी घालत राहतात. नेमके हेच रंग त्यांना मारतात, कारण ते कातडीच्या रंगाच्या इतके जवळचे असतात की चेहरा आणि कापड एकमेकांत मिसळतं आणि माणूस थकल्यासारखं दिसतं. सावळ्या चेहऱ्याशेजारी राणी, हळदी, पोपटी किंवा गर्द जांभळा ठेवून बघा. फरक आरशात लगेच कळतो.

एखादा रंग आवडतो पण चेहऱ्याला जमत नाही, तर तो खाली घ्या. सलवारीत, घागऱ्यात किंवा साडीच्या अंगात तो चालतो; फक्त ब्लाउज आणि ओढणी आपल्या रंगाची हवी. गळ्यापासून वीतभर अंतरातला रंगच चेहऱ्यावर पडतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे घाम. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा राखाडी, आकाशी आणि मध्यम हिरव्या सुती कापडावर काखेतले, पाठीवरचे डाग लांबून दिसतात, कारण ओलं कापड गडद होतं आणि मध्यम छटेवर तो फरक सगळ्यात जास्त उठतो. पांढऱ्यावर, गडद निळ्यावर आणि बारीक छापील कापडावर तो झाकला जातो. कामाला जाणाऱ्यांनी उन्हाळ्याचे कुर्ते याच तिन्हींतून निवडावेत.

छापील कापड घेताना ते काउंटरवर वाकून बघितलं जातं आणि तिथंच चूक होते. लोक आपल्याला सहा-सात फुटांवरून बघतात. कापड कुणाला तरी धरायला सांगा आणि तेवढं मागे जा. जवळून सुरेख वाटणारी बारीक बुट्टी तिथून नुसती करडी झाक दिसते, आणि दोन विरुद्ध रंगांची दाट नक्षी लांबून मळकट होते. आकाराचं ढोबळ माप म्हणून आपली मूठ धरावी. नक्षीतलं फूल मुठीएवढं असेल तर बहुतेक बांध्यांना चालतं. किरकोळ अंगाच्या बाईवर तळहातापेक्षा मोठं फूल आलं की कापडच दिसतं, बाई दिसत नाही. भरलेल्या अंगावर अगदी मोहरीएवढे ठिपके आले की अंग आणखी मोठं वाटतं, कारण नजर त्या ठिपक्यांशी अंगाची तुलना करते. मोठ्या फुलांचं कापड शिवायला देताना शिंप्याला आधीच सांगा, फूल बरोबर छातीच्या टोकावर येऊ देऊ नका. त्यासाठी पाव मीटर कापड जास्त लागतं, ते घेऊनच जा.

आडव्या पट्ट्या घातल्या की माणूस जाड दिसतं असं सगळे सांगतात. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की आडव्या रेघांचा चौकोन उलट उंच आणि अरुंद भासतो. तेव्हा बारीक आडव्या रेघांना घाबरायचं कारण नाही. बिघडतं ते रुंद, दोन-तीन इंची पट्ट्यांनी, आणि त्यातलीही एखादी पट्टी पोटावर किंवा नितंबांच्या सगळ्यात रुंद भागावर आली की.

दोन नक्षी एकत्र घालायच्या तर एक मोठी, एक बारीक, आणि दोन्हींत एक रंग सामाईक असावा. इरकल आणि खण यांची जोडी जमते ती याचमुळे. इरकलीचं अंग साधं किंवा बारीक चौकड्यांचं असतं, काठ ठसठशीत, आणि पदर बहुधा लाल-पांढरा, टोपतेनी या पारंपरिक नक्षीचा. त्यावर खणाच्या ब्लाउजची बारीक बुट्टी बसते. खणाचा रंग अंगाशी जुळवत बसू नका, काठातला किंवा पदरातला एक रंग उचला. हिरव्या इरकलीवर हिरवा खण घेतला तर दोन हिरव्यांत हमखास थोडा फरक राहतो आणि तो चुकल्यासारखा दिसतो. डाळिंबी खण मुद्दाम निवडलेला वाटतो. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साध्या कापडापेक्षा कमी असतो, म्हणून नेहमीचे 80 सेंटिमीटर मागून मोकळं होऊ नका. पन्हा मोजा, बाहीची लांबी सांगा, मग किती घ्यायचं ते ठरवा.

काठाची रुंदीही उंचीप्रमाणे घ्यावी. पाच फुटांच्या आतल्या बाईला दोन-तीन इंची काठ पुरतो. सहा इंची काठ पायाशी आडवा कापल्यासारखा दिसतो आणि उंची खातो. रुंद काठाचीच हौस असेल तर ब्लाउज साडीच्याच रंगाचा ठेवा, म्हणजे वरून खालपर्यंत एकच रंग सलग जातो.

आता शिवण. रंग आणि नक्षी कितीही साधली तरी खांद्यावर कपडा बसला नाही तर बाई दिवसभर तो ओढत, सावरत राहते, आणि ते सगळ्यांना दिसतं.

माप देताना जी ब्रा त्या कपड्याखाली घालणार तीच घालून जा. टेप पाठीमागे खाली घसरत नाही ना, हे आरशात बघा. सुती कुर्त्याला छातीच्या मापापेक्षा दोन-तीन इंच आणि सीटला, म्हणजे नितंबांवर, तीन-चार इंच सैल हवं. ब्लाउजला एक-दीड इंच पुरे. खांद्याची शिवण बरोबर हाडाच्या टोकावर यावी. टक्सचं, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या चुणीचं, टोक छातीच्या टोकाच्या अर्धा ते एक इंच आधी संपावं. थेट टोकापर्यंत गेलं की तिथं चोचीसारखं टोक निघतं.

सगळ्यात जास्त चूक मुंढ्यात, म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात त्या गोलात, होते. हात वर केला की काखेत ओढतंय म्हणून बायका शिंप्याला मुंढा खोल करायला सांगतात. मुंढा खोल केला की बाही काखेच्या बरीच खाली अंगाला जोडली जाते, मग हात उचलला की अख्खा कुर्ता वर येतो आणि पोट उघडं पडतं. उपाय उलटा आहे. मुंढा काखेपासून साधारण इंचभर खाली, आणि बाहीला दंडाजवळ दीड-दोन इंच जास्त घेर. कच्च्या शिलाईवर घालून दोन्ही हात वर करून बघा, जणू वरच्या फळीवरचा डबा काढताय. खालची कड दोन इंचांहून जास्त उचलली गेली तर पक्की शिलाई मारू देऊ नका.

कुर्त्याची लांबी अंगाच्या सगळ्यात रुंद जागी संपवू नये, नजर बरोबर तिथंच थांबते. दोन इंच वर किंवा दोन इंच खाली घ्या. बाजूचा कटही त्या रुंद जागेच्या थोडा वरून सुरू व्हावा. तो खाली घेतला की कापड तिथं अडकतं, मांड्यांवर आडव्या चुण्या पडतात आणि बसताना शिवण उसवते.

बाह्यांचं सोपं आहे: दंड झाकायचे असतील तर कोपराच्या जरा वर थांबा, दंडाच्या मधोमध नाही.

सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. न भिजवलेला कुर्ता पहिल्या धुण्यात इंच-दीड इंच आखडू शकतो. साडीच्या फॉललाही हेच लागू. फॉल तसाच लावला तर तो नंतर आखडतो आणि साडीचा खालचा काठ गोळा होतो. मग कितीही इस्त्री करा, निऱ्या सरळ पडत नाहीत.

संक्रांतीला काळी साडी नेसायची आणि काळा चेहऱ्याला जमत नाही, तर लाल किंवा हळदी काठाची काळी घ्या, ब्लाउज त्या काठाच्या रंगाचा करा आणि पदर खांद्यावर असा लावा की काठ गळ्याजवळ येईल. त्याच दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, गर्दीत नि धुळीत बरंच चालावं लागतं. साडी जमिनीपासून दीड इंच वर नेसा, निऱ्या पाच-सातच आणि चार-पाच बोटं रुंद घ्या, पिन निऱ्यांच्या आतल्या बाजूने परकरासकट लावा. परकर साडीच्याच रंगाचा आणि चांगल्या घेराचा असू द्या. अंगाला चिकटणाऱ्या परकरात पाऊल लांब पडत नाही. घरी आल्यावर साडी घामासकट घडी करून ठेवू नका. नवी गडद इरकल पहिल्या दोन-तीन वेळा एकटीच थंड पाण्यात धुवा आणि पिळून बादलीत तशीच ठेवून देऊ नका, लाल पदराचा रंग साडीच्या अंगावर उतरतो. पदर बाहेरच्या बाजूला मोकळा सोडून लगेच सावलीत वाळत घाला.